दहा कोंबड्यांपुरते गांडूळ

गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे, हे आपण सर्वजण शाळेच्या पुस्तकात शिकलो. आता हाच मित्र वाळवावा, दळावा आणि कोंबडीच्या खाद्यात मिसळावा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. खाद्याचे भाव चढले की ती जरा मोठ्याने ऐकू येते आणि भाव उतरले की विरून जाते. कुक्कुटपालन हा नाशिक जिल्ह्यातला मोठा धंदा आहे आणि गांडूळ खत तर द्राक्षबागांमुळे घरोघरी माहीत झालेले आहे. तेव्हा या दोन गोष्टींची गाठ कोणीतरी घालणार, हे ठरलेलेच होते. पण शेतकऱ्याच्या हिशेबाबरोबर खाणाऱ्याच्या तब्येतीचा हिशेबही मांडायला हवा. गांडूळ खाल्लेल्या कोंबडीचे अंडे आपल्या मुलाला द्यावे की नाही, आणि द्यायचे तर त्यात विशेष काय, हा या सदराचा विषय आहे.

पहिली प्रतिक्रिया किळसेची असते. ती समजण्यासारखी असली तरी तिला फारसा आधार नाही. पावसाची पहिली सर पडून गेल्यावर अंगणातली गावरान कोंबडी काय उकरून खाते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. किडे, अळ्या, गांडुळे हे तिचे मूळचे खाणे. अनेक गावांत आजही वारूळ फोडून वाळवी पिल्लांपुढे टाकतात, कारण त्यावर पिल्ले चटकन अंग धरतात, हे घरातल्या बाईला कोणी न शिकवता ठाऊक असते. ज्या गावरान अंड्याला आपण बाजारात दुप्पट पैसे मोजतो, ते अशाच कोंबडीचे असते.

येथे काही वाचकांना ‘मॅड काऊ’ रोग आठवेल. मेलेल्या जनावरांच्या हाडामांसाची भुकटी ब्रिटनमध्ये गायींना चारली गेली, त्यातून गायींच्या मेंदूचा रोग फोफावला आणि १९९६ साली त्याचा माणसातल्या रोगाशी असलेला संबंध तिथल्या सरकारने मान्य केला. जनावराला जनावर चारू नये, असे तेव्हापासून बरेच जण म्हणतात. मात्र तिथे गवत खाणाऱ्या प्राण्याला त्याच्याच जातीचे अवशेष चारले गेले होते. कोंबडी सर्वभक्षी आहे आणि गांडूळ तिच्या जातीचे नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या कारणांसाठी, आणि त्याकडे मी पुढे येतो.

कोंबडीच्या खाद्यात सर्वांत महाग भाग प्रथिनांचा. मका पोट भरतो, पण अंगावर मांस चढवायला आणि अंडे घडवायला प्रथिने लागतात. त्यातही लायसिन आणि मेथिओनिन हे घटक पुरेसे नसतील तर बाकीचे प्रथिन असून नसल्यासारखे. पूर्वी त्यासाठी सुकट, जवळा, मासळीची भुकटी वापरत. पण मासळीच्या भुकटीत वाळू किती आणि मीठ किती, याचा भरवसा नसे, आणि ती नीट वाळलेली नसेल तर जंतूही सोबत येत. मग सोयापेंडीचे राज्य आले. ते बरे चालले होते, पण २०२१ साली सोयापेंडीचा भाव काही महिन्यांतच दुपटीच्या वर गेला. पोल्ट्रीवाले इतके मेटाकुटीला आले की त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. त्यावर सोयाबीन पिकवणारा शेतकरी नाराज झाला, हे वेगळे सांगायला नको. एकाच पेंडीवर सगळा धंदा उभा असला की असे होते.

गांडुळात काय आहे ते पाहू. ताज्या गांडुळात शेकडा ८० ते ८५ भाग पाणी असते. उरलेला सुका भाग घेतला तर त्यात साधारण ६० ते ७० टक्के प्रथिने असतात, म्हणजे सोयापेंडीपेक्षा अधिक, आणि लायसिन व मेथिओनिन दोन्ही चांगल्या प्रमाणात. हे आजचे शोध नाहीत. १९७८ साली ऑस्ट्रेलियात हारवुड आणि साबाइन यांनी गांडुळाच्या भुकटीचे पोषणमूल्य तपासले होते. १९८० मध्ये ब्रिटनच्या पोल्ट्रीविषयक नियतकालिकात तबोगा यांचा कोंबड्यांसाठी गांडुळाच्या पोषणमूल्यावरचा लेख आला. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात क्लाइव्ह एडवर्ड्स यांनी त्याच सुमारास जनावरांच्या शेणामुतावर गांडुळे वाढवून त्यांचे खाद्य करण्याचे मोठे काम केले. कोंबडीला हे प्रथिन मानवते, याबद्दल आता वाद राहिलेला नाही.

मग चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी गांडुळाचे खाद्य पोत्यात भरून का विकले जात नाही? आपल्याकडे तर गांडुळाचे जाणकार कमी नव्हते. पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळावर सगळी हयात घालवली. बंगलोरच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी गांडूळ खतावर देशात सर्वांच्या आधी काम सुरू करणाऱ्यांत स्थान मिळवले. (परसातल्या कुक्कुटपालनात नाव कमावलेली गिरिराजा कोंबडी त्याच विद्यापीठातली, हाही एक योगायोगच.) १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात गांडूळ खताची लाटच आली. पण या सगळ्यातून खत आले, खाद्य आले नाही. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे आणि ते गणित प्रत्येकाने एकदा करून पाहावे.

एक किलो ताजी गांडुळे वाळवली की हाती १५० ते २०० ग्रॅम भुकटी येते. त्यात प्रथिने १०० ते १२० ग्रॅम. एक किलो सोयापेंडीत ती साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक किलो पेंडीची जागा भरायला चार किलो गांडुळे हवीत. गांडूळ खत करणाऱ्यांना जे कल्चर विकले जाते त्याचा भाव किलोला काही शे रुपये असतो. पेंड सर्वांत महाग होती त्या २०२१ सालातही चार किलो गांडुळांशी तिची तुलना हास्यास्पद ठरली असती.

विकत न घेता घरचीच गांडुळे वाढवायची म्हटले तर? दहा हजार ‘बॉयलर’ पक्ष्यांची शेड धरू. एक पक्षी विक्रीला जाईपर्यंत साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातो. म्हणजे एका बॅचला ३५ टन. त्यात सोयापेंड १० टन धरा. तिचा फक्त पाचवा हिस्सा बदलायचा तर दोन टन पेंडीऐवजी आठ टन ताजी गांडुळे लागतील, म्हणजे चाळीस दिवस रोज दोनशे किलो. चांगली निगा असेल तर वाफ्यातली गांडुळे तीनेक महिन्यांत दुप्पट होतात आणि रोज आपल्या वजनाच्या निम्म्याने खातात. रोज दोनशे किलो काढून घ्यायचे आणि साठा कायम ठेवायचा तर अठरा-वीस टन गांडुळे सतत सांभाळावी लागतील, आणि त्यांना रोज नऊ-दहा टन शेण घालावे लागेल. एका गायीचे रोजचे शेण दहा किलो धरले तर ही नऊशे ते हजार गायींची बात झाली. एका शेडसाठी! शिवाय एवढी गांडुळे खतातून निवडून वेगळी करायला माणसे किती लागतील, ते वेगळेच. रॉथमस्टेडच्या कामातही वेगळे काढण्याची ही अडचण कायम डोकेदुखी ठरली होती.

तेव्हा मोठ्या शेडवाल्यांनी या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कोणी ‘गांडुळे आम्ही देतो, वाढवा, आम्हीच परत विकत घेतो’ अशी योजना घेऊन दारात आला तर त्याला पाणी देऊन वाटेला लावावे. २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराईला इमू पाळणाऱ्यांचे काय झाले आणि २०१९ साली सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या कडकनाथ प्रकरणात किती शेतकरी अडकले, हे विसरण्याइतके जुने झालेले नाही. ज्या मालाला परत विकत घेणाऱ्याखेरीज दुसरे गिऱ्हाईकच नाही, तो धंदा नव्हे.

हेच गणित दहा कोंबड्यांसाठी मांडले की चित्र पालटते. दहा कोंबड्यांना रोज प्रत्येकी वीस ग्रॅम म्हणजे दोनशे ग्रॅम ताजी गांडुळे हवीत. त्यासाठी अठरा-वीस किलोचा साठा लागेल, आणि तो दहा फूट लांब, चार फूट रुंद अशा दोन वाफ्यांत मावतो. त्याला रोज नऊ-दहा किलो शेण आणि पालापाचोळा लागतो. म्हणजे घरची एक गाय! वरून खत मिळते ते निराळे. वीस ग्रॅम गांडुळातून कोंबडीला दोन-सव्वादोन ग्रॅम प्रथिन मिळेल. अंड्यावरच्या कोंबडीची रोजची गरज पंधरा-सोळा ग्रॅमची असते, तेव्हा नुसत्या गांडुळावर काही भागणार नाही. कण्या, कोंडा, मक्याचा भरडा, थोडा हिरवा पाला आणि कवचासाठी शिंपल्याची किंवा चुन्याची भुकटी, हे सगळे हवेच. पण उकिरड्यावर आणि अंगणात वेचून खाणाऱ्या कोंबडीला जे कमी पडते ते नेमके हेच प्रथिन असते, विशेषतः उन्हाळ्यात, जेव्हा जमीन कडक होते आणि किडे सापडत नाहीत. निव्वळ वेचून खाणारी गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. गिरिराजा किंवा वनराजासारखी सुधारित कोंबडी तिच्या दुप्पट देऊ शकते, पण पोटाला मिळाले तरच.

आता आरोग्याकडे येतो. गांडूळ खाल्लेल्या कोंबडीचे अंडे औषधी होते का? नाही. असे सांगून कोणी दहा रुपयांचे अंडे तीस रुपयांना विकू लागला तर घेऊ नये. कोंबडी काहीही खावो, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिन असते आणि ते फारसे कमीजास्त होत नाही. खाद्य अपुरे पडले की कोंबडी अंडी कमी देते. पातळ अंडी देत नाही. गावरान अंड्याचा बलक पिवळाधमक दिसतो तो हिरव्या पाल्यामुळे आणि मक्यामुळे. गांडुळाचा त्यात हात नाही. तेव्हा फायदा अंड्यांच्या संख्येत मोजायचा, गुणात नव्हे. पण ज्या घरात आठवड्याला दोन अंडी पिकत होती तिथे चार पिकली, तर ही संख्या म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे.

दुसरी शंका जंतांची. आपल्याकडे मुलांच्या पोटातल्या मोठ्या जंतांनाही ‘गांडुळासारखे’ म्हणतात, म्हणून हा घोटाळा होतो. शेतातले गांडूळ वेगळे, पोटातला जंत वेगळा. एकापासून दुसरा होत नाही. मुलांच्या पोटात जंत होतात ते मातीने बरबटलेल्या हातांतून आणि न धुतलेल्या भाजीतून. कोंबडीच्या आतड्यातले जंतही माणसाच्या पोटात घर करत नाहीत. अंडे मात्र पूर्ण शिजवूनच खावे. कच्च्या किंवा अर्ध्याकच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, मग ती कोंबडी गांडूळ खाणारी असो की पेंड खाणारी. मांसालाही हाच नियम.

खरा धोका कोंबडीला आहे. कच्चे गांडूळ कोंबडीच्या काही जंतांचे वाहन असते. श्वासनळीत राहणारा एक लाल कृमी गांडुळातून पिल्लांत जातो. मग पिल्लू मान ताणून, चोच उघडून श्वास घेते आणि बरेचदा मरते. एका जातीचा चपटा कृमीही आपली वाढ गांडुळातच पूर्ण करतो. म्हणूनच ज्या अंगणात पिढ्यान् पिढ्या कोंबड्या वावरल्या, तिथल्या मातीतली गांडुळे उकरून पिल्लांना घालू नयेत. कोंबडखतावर वाढवलेली गांडुळे कोंबडीला तर मुळीच नकोत. ज्या विष्ठेतून रोग बाहेर पडला त्याच वाटेने तो पुन्हा आत जाईल.

आणि आपल्याला असलेला धोका मातीतला. गांडूळ माती खाते आणि मातीतले जड धातू अंगात साठवते. कॅडमियमच्या बाबतीत तर त्याच्या अंगातले प्रमाण मातीपेक्षा कितीतरी पट वाढू शकते. अशी गांडुळे कोंबडीने खाल्ली तर कॅडमियम तिच्या काळजात नव्हे, पण यकृतात आणि मूत्रपिंडात साठतो. (आपल्याकडे ‘कलेजी’ म्हणून जी चवीने खातात ते यकृतच.) शिसे तर अंड्याच्या बलकात उतरते, आणि लहान मुलाच्या मेंदूला शिसे थोडेही चालत नाही. म्हणून शहराच्या कचऱ्यावर, गटारीच्या गाळावर किंवा कारखान्यांच्या वस्तीतल्या मातीत वाढलेली गांडुळे खाद्याला सर्वस्वी निषिद्ध समजावीत. नाशिक शहराच्या कचऱ्याचे खत होणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते झाडाला, कोंबडीला नाही. सातपूर-अंबडच्या आसपास घर असलेल्यांनी तर आपल्या नाल्याकाठची माती वाफ्यात आणूच नये.

द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांना आणखी एक सांगणे. वर्षानुवर्षे बागेवर बोर्डो मिश्रण मारले जाते. त्यातले मोरचूद म्हणजे तांबे. ते पावसाने धुऊन जात नाही, वरच्या थरात साठत जाते आणि गांडुळांच्या मुळावर येते. ज्या बागेत गांडुळे दिसेनाशी झाली आहेत, तिथे कारण शोधायला फार लांब जायला नको. निफाड-दिंडोरीतल्या बागेतली गांडुळे कोंबड्यांना काढू नयेत ती दोन कारणांसाठी. एक तर त्यांच्या अंगात काय काय गेले आहे ते आपल्याला दिसत नाही आणि दुसरे, जी थोडी उरली आहेत ती बागेलाच हवी आहेत. शेतकऱ्याच्या मित्राला शेतातून उचलून नेणे हा कुठला शहाणपणा? खाद्यासाठी वाढवायची ती खताची तांबडी गांडुळे, आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी जातीची. ती शेणात आणि पालापाचोळ्यात राहतात, शेताच्या मातीत फारशी टिकत नाहीत. घरच्या जनावराचे शेण, सुका पाला, भाताचा पेंढा एवढेच त्यांना घालावे.

करण्याची रीत अवघड नाही, पण धीर लागतो. वाफा सावलीत, उंचावर, पाणी साचणार नाही असा. ताजे शेण तापते आणि गांडुळे मरतात, म्हणून ते आठ-दहा दिवस निवू द्यावे. वर ओले गोणपाट. येवला-मालेगावकडचा उन्हाळा गांडुळांना सोसत नाही. तिकडे छप्पर दाट हवे आणि पाण्याचा शिडकावा दोन वेळा. पेठ-सुरगाण्यात संकट उलटे, पावसाळ्यात वाफा वाहून जाण्याचे. दोन किलो कल्चरने सुरुवात केली तर दर तीन महिन्यांनी दुप्पट या हिशेबाने सोळा किलो व्हायला नऊ महिने लागतात. तोवर वाफ्यातून एकही गांडूळ काढायचे नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि दुसऱ्याच महिन्यात वाफा रिकामा होतो. माणसाचा धीर टिकला तर कोंबड्याच तो रिकामा करतात, तेव्हा वरून जाळी हवीच. मुंग्या आणि उंदीर यांनाही गांडूळ तितकेच आवडते.

काढलेली गांडुळे पाण्याने धुवून रात्रभर स्वच्छ ओल्या गोणपाटात ठेवावीत, म्हणजे पोटातली माती बाहेर पडते. सकाळी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून काढावीत. या एका गोष्टीने कृमींची भीती जवळजवळ संपते, आणि तांबड्या गांडुळाच्या अंगातून जो पिवळट, उग्र वासाचा द्रव सुटतो तोही निघून जातो. त्या वासामुळे काही कोंबड्या प्रथम तोंड लावत नाहीत. मग बारीक करून भरड्यात कालवून त्याच दिवशी घालावीत. वाळवून ठेवायची तर पत्र्यावर कडक उन्हात तुकडा मोडेल इतकी वाळवावीत. ओलसर राहिली तर बुरशी धरते आणि बुरशी आलेले खाद्य कोंबडीच्या यकृताचा घात करते. दहा कोंबड्यांसाठी रोजचे रोज हेच सोयीचे.

हे सगळे कोणासाठी लिहितो आहे? शहरात राहून बाजारातून ट्रे आणणाऱ्यासाठी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत शेकडा ६९ रक्तक्षयी. देशात माणशी वर्षाला सुमारे शंभर अंडी उपलब्ध आहेत. आहारतज्ज्ञ १८० सांगतात. आणि ही शंभरही सरासरी आहे, तिच्यात नाशिकच्या हॉटेलातले ऑम्लेटही आले आणि सुरगाण्याच्या पाड्यावरचे रिकामे ताटही आले. शासनाने २०१५ साली आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यासाठी. पुढे लहान मुलांनाही आठवड्यातून चार दिवस अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळी, असे ठरले. योजना उत्तम आहे. पण ज्या पाड्यावर अंगणवाडी आहे त्याच पाड्यावर कोंबड्या आहेत, आणि अंडी मात्र बाहेरच्या गाडीने यावी लागतात, ही विसंगती मला खटकते.

पिल्ले वाटण्याच्या योजनाही होतात. सुधारित जातीची पिल्ले येतात, फोटो निघतात, आणि काही महिन्यांनी डालगे रिकामे असते. त्याचे पहिले कारण मानमोडी. रानीखेत म्हणजेच मानमोडीची लस वेळेवर टोचली गेली नाही तर गांडूळ घाला की काजू घाला, आठवड्याभरात सगळ्या कोंबड्या जातात. लस आधी, खाद्य मागाहून. यात उलटसुलट चालणार नाही. दुसरे कारण खाद्य. सुधारित कोंबडीची भूक गावरानपेक्षा मोठी असते आणि ज्या घरात माणसालाच नागलीची भाकरी मोजून मिळते, तिथे कोंबडीसाठी पेंडीचे पोते कोण आणणार? तेव्हा पिल्लांच्या डालग्याबरोबर दोन किलो तांबडी गांडुळे, एक जाळी आणि वाफा करून दाखवणारा माणूस गेला, तर त्या पिल्लांच्या जगण्याला काही अर्थ राहील. माझी मागणी एवढीच आहे. तिच्यासाठी नवे खाते नको आणि नवी इमारतही नको. पशुसंवर्धन विभाग आहे, अंगणवाडी आहे, आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषि विज्ञान केंद्र नाशिकमध्येच आहे.

एकदम जिल्हाभर करायला मात्र कोणी धावू नये. आपल्याकडे चांगली कल्पना बिघडते ती घाईने. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातला एकच पाडा घ्यावा, जिथे गायी आहेत आणि कारखाना, बाग यांपैकी काही जवळ नाही. वीस घरे निवडावीत. सगळ्यांच्या कोंबड्यांना लस सारखीच, पिल्ले एकाच दिवशी आलेली. दहा घरांत वाफा, दहा घरांत नाही. प्रत्येक घरात एक वही, आणि तिच्यात रोज तीनच आकडे : अंडी किती पडली, विकली किती, घरात खाल्ली किती. तिसरा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आठवडी बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीसाठी अंड्यांची टोपली आधी बाहेर जाते आणि पोराच्या वाट्याला फुटके अंडे येते, हे सर्वांना माहीत आहे. लिहिता न येणाऱ्या घरी अंगणवाडी सेविकेने रेघा माराव्यात. पहिले नऊ महिने वाफा भरण्यातच जातील, तेव्हा वहीची तुलना दुसऱ्या वर्षापासून धरावी, आणि त्यात एक पूर्ण उन्हाळा आला पाहिजे.